कपाटासकट एकोणीस पायऱ्या

माझा साडू आयुष्यात एकदाच पडला आणि त्या पडण्याच्या जोरावर चौतीस वर्षं ताठ मानेनं फिरला. मी मात्र एकशे चाळीस चित्रपटांत राबलो. पडद्यावर नायक चालतो तेव्हा पावलं माझी वाजतात. दार आपटतं ते माझ्या हातातलं असतं. खलनायकाच्या थोबाडीत बसते तेव्हा मी चामड्याच्या दोन ओल्या सपाता एकमेकींवर हाणलेल्या असतात. आमच्या धंद्यात याला आवाज भरणं म्हणतात. मला गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही, आणि हा भाजी आणायला गेला तरी भाजीवाली पिशवी हातात देताना म्हणते, "साहेब घरी नाहीत!" मग दोघं खिदळत बसतात.

ते वाक्य कपाटाच्या पिक्चरमधलं. त्या पिक्चरला चांगलं छापील नाव आहे, पण ते कुणाच्या लक्षात नाही. त्या काळी हेरांच्या चित्रपटांची साथ आली होती. जो तो काळा चष्मा लावून गच्चीवरून उड्या मारत होता. आमच्या दिग्दर्शकानं त्या सगळ्यांची एकदम टर उडवायची ठरवली. त्याचा हेर खलनायकाच्या बंगल्यात दिव्याचा खांब होऊन उभा राहतो आणि मोलकरीण त्याचं नाक पिळून दिवा लावायला बघते. खलनायक गुप्त नकाशा उघडतो तर तो उघडतच जातो. शेवटी सगळी टोळी नकाशात गुंडाळली जाते आणि उत्तर दिशा कुठली यावरून आतल्या आत भांडते. मग येतं कपाट. हेर कपाटात लपलेला असतो आणि ते कपाट वर न्यायचा हुकूम दारवानाला होतो. बिचारा ते पाठीवर घेऊन एकोणीस पायऱ्या चढतो. शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो, तेवढ्यात खाली दाराची घंटा वाजते. घंटा वाजली की दार उघडायचं, एवढंच दारवानाला ठाऊक. तो वळतो. दारवान, कपाट आणि कपाटातला हेर एकोणीस पायऱ्या खाली येतात. दारवान उठतो, टाय सरळ करतो, दार उघडतो आणि गंभीरपणे म्हणतो, "साहेब घरी नाहीत."

तो दारवान म्हणजे आमचे साडूबुवा. हा नट वगैरे काही नव्हता, फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. शूटिंगला जुनं कपाट हवं होतं आणि मीच म्हणालो, आमच्या साडूच्या दुकानात आहे. मारून घेतला आपल्याच हातानं पायावर धोंडा. हा कपाट पोचवायला आला तेव्हा ठरलेला नट जिना बघून कंबर धरून घरी निघाला होता. यानं विचारलं, "एवढंच ना? मी रोज कपाटं चढवतो." आणि पहिल्याच टेकमध्ये पडला. दिग्दर्शकानं त्याला मिठी मारली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

आता जे सांगतो ते मी बायकोला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच," आणि गॅस बारीक करायला गेली. ते असं, की पडण्यातलं हसू डोळ्यांत नसतं, कानांत असतं. त्या सीनची मुकी फिल्म मी पाहिली होती. जीव कळवळायचा. एक माणूस आणि त्याच्या मागे दोन माणसांच्या वजनाचं कपाट, हसायचं काय त्यात? मी चार दिवस त्यावर खपलो. स्टूल, ओल्या कपड्यांची पोती, किल्ल्यांचे जुडगे, सगळं आपटून झालं. मग सुचलं. पहिल्या पायरीचा आवाज मी चित्राच्या एक फ्रेम मागे ठेवला. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. मग दोन फ्रेम, मग तीन, आणि तळाशी येईपर्यंत सात. माणूस पुढे निघून गेलेला आणि आवाज मागून धापा टाकत येतो आहे. बघणाऱ्याला काय घडतंय ते कळत नाही, पण त्याच्या मनाला पटतं की ह्या गड्याला लागत नाहीये. तसं पटलं की माणूस बिनधास्त हसतो.

पहिल्या खेळाला आम्ही चौघं गेलो होतो. बायको एवढी हसली की तिनं ताईच्या, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, कमाल केलीत हो!" मी पलीकडच्या खुर्चीत होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिला हसवायला काय कमी केलं? नकला केल्या, विनोद पाठ केले. ती हसते, पण पाहुण्यांसमोर हसावं तसं, जपून. तशी हसली नाही पुन्हा कधी. म्हणजे हसली, पण टीव्हीवर तो पिक्चर लागला की. तेव्हापासून मी साडूला पाण्यात पाहतो, आणि हे मी लपवूनही ठेवलेलं नाही. फक्त कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी कुणा हौशी मंडळींनी तो पिक्चर स्वच्छ करून पुन्हा दाखवायचं ठरवलं. जुना डबा मिळाला, चित्र धुऊनपुसून निघालं, पण एका रिळाच्या आवाजाला बुरशी लागली होती. रीळ नेमकं कपाटाचं. टीव्हीवरून उतरवलेली एक टेप होती, तीत संवाद ऐकू येत होते, पण टेप मुळातच सरकलेली, ओठ आधी हलायचे आणि शब्द नंतर. स्टुडिओत काम बघणारी बाई तिशीतली होती, हुशार होती आणि मला सर म्हणायची. तिनं फोन केला. "सर, मूळ आवाज तुम्हीच भरले होते ना? परत भराल? तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

खरं सांगतो, छाती फुगली. चौतीस वर्षांनी कुणीतरी मला त्या पिक्चरसाठी बोलावलं होतं. घरी सांगायला आलो तर साडू आणि ताई आधीच येऊन बसलेले. साडूला पहिल्या खेळाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो काय बोलायचं याची तालीम करत होता आणि माझी बायको त्याचा जुना टाय इस्त्री करत होती. तोच टाय, पडलेला. वर ओला रुमाल घालून अगदी हलक्या हातानं. माझे कपडे चाळीस वर्षं खुर्चीच्या पाठीवर वाळून आपोआप सरळ होतात.

मी बातमी सांगितली. साडू उठून माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "वा! म्हणजे घरचाच माणूस. आता काळजी नाही." आणि बायको इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "बरं झालं, भाऊजींच्या सीनला तुम्ही आहात. नीट करा हं. त्यांच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

भाऊजींच्या सीनला! अंगाचा तिळपापड झाला. जेवताना मी एक शब्द बोललो नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेलो. स्टूल माझं होतं, पोती माझी होती. समोर पडद्यावर सदतीस वर्षांचा साडू कपाट घेऊन चढत होता. मी ठरवून गेलो नव्हतो, हे शपथेवर सांगतो. पहिली पायरी आली आणि मी आवाज चित्राच्या बरोबर काढला. पाय टेकला त्याच क्षणी, एका फ्रेमचाही फरक नाही. दुसरीही तशीच. मग हात थांबेना. एकोणीसच्या एकोणीस पायऱ्या मी अशा चोख वाजवल्या की घड्याळ लावून घ्यावं. चूक म्हणाल तर एक नाही. कुठल्याही तपासनिसानं पूर्ण गुण दिले असते.

त्या बाईनं पट्टी मागे घेऊन पुन्हा पाहिली. मग जरा घुटमळत विचारलं, "सर, पूर्वी असंच होतं?"

"असंच होतं," मी म्हणालो.

"नाही, मी लहानपणी पाहिला तेव्हा पोट धरून हसले होते. आता…"

"लहानपणी सगळ्यालाच हसू येतं," मी म्हणालो आणि पोती गुंडाळायला घेतली. एकदा, फक्त एकदा माझ्या बायकोसमोर त्याचं पडणं फुकट जावं, एवढंच मला हवं होतं. जग हसो, रडो. ती हसायला नको होती.

खेळ रविवारी दुपारी होता. तीनशे खुर्च्या भरल्या होत्या, बरेचसे तिशीच्या आतले, आईवडिलांकडून ऐकून आलेले. आम्ही चौघं दुसऱ्या रांगेत बसलो होतो, कडेला साडू, कारण त्याला मध्यंतरात स्टेजवर जायचं होतं. टाय घातला होता. दिव्याच्या खांबाला टाळ्या पडल्या. नकाशाला एक माणूस इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हात बघ रे, गार पडलेत. एकाहत्तर वर्षांचा झालो तरी." मी बघितला नाही.

मग कपाट आलं. दारवान वर पोचला, घंटा वाजली, तो वळला. बायकोनं सवयीनं तोंडावर हात नेला, येणारं हसू अडवायला. धाड, धाड, धाड. कपाट पडत होतं आणि माणूस पडत होता आणि प्रत्येक पायरी त्याच्या हाडात बसत होती. मागच्या रांगेत कुणी बाई "अगं आई गं" म्हणाली. दारवान उठला, टाय सरळ केला, म्हणाला, "साहेब घरी नाहीत." चारदोन ठिकाणी लोक भिडेखातर हसले. कुणीतरी खोकलं. बायकोचा हात तोंडावर तसाच राहिला, अडवायला काहीच आलं नाही.

मला बरं वाटलं. कशाला खोटं बोलू? उन्हातून आल्यावर गार पाण्याचा पेला मिळावा तसं वाटलं. एक मिनिटभर. मग माझी नजर साडूकडे गेली. तो पडद्याकडे बघत नव्हता. मान वळवून मागच्या लोकांच्या तोंडांकडे बघत होता, एकेका रांगेकडे, दुकानात गिऱ्हाईक न घेता उठून जातं तेव्हा विक्रेता बघतो तसा.

मध्यंतर झालं. त्याला वर बोलावलं. स्टेजला पाच पायऱ्या होत्या. त्याला फुलं दिली, कौतुकाचं बोलले, आणि ते वाक्य म्हणायला सांगितलं. त्यानं म्हटलं. टाळ्या पडल्या, सत्काराच्या असतात तेवढ्याच. त्यानं तालीम केलेलं भाषण सुरूच केलं नाही.

"माफ करा," तो म्हणाला. "ते असं नव्हतं. काय झालं मला कळत नाही. मी दाखवतो."

फुलं त्यानं निवेदकाच्या हातात दिली. पायऱ्यांच्या तोंडाशी गेला, पाठीवर कपाट असल्यासारखा वाकला. ताई ओरडली, "अहो, नको!" घंटा ऐकल्यासारखा तो गर्रकन वळला आणि गेला खाली.

सभागृह फुटलं. तीनशे माणसं एकदम हसली, टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा. माझी बायको माझ्या शेजारी हसत होती, तशीच, चौतीस वर्षांपूर्वीसारखी, डोळ्यांतून पाणी येऊन. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? पुन्हा यानंच हसवलं. हे आधी आलं. मग मला तो आवाज कळला. चौथ्या पायरीवर एक बारीक, दबका आवाज झाला होता, कपाटाचा खण बंद व्हावा तसा. हाड मोडल्याचे आवाज मी शेकड्यांनी काढलेत, गाजरं मोडून. एकही तसा नव्हता. सगळ्या गदारोळात तो ऐकू आलेला मी एकटाच होतो.

मी धावलो. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग, ते आणखी हसले. साडू पालथा पडला होता. मी त्याला हात लावला तर तो दातांतून म्हणाला, "हलवू नको. हसतायत ना? हसू दे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि बायको दवाखान्यात गेलो. ताई खिडकीशी बसून टॉवेलाची घडी घालत होती. साडू उशीला टेकून होता, दाढी वाढलेली. मला वाटलं होतं तो शेखी मिरवेल, एवढं सभागृह डोक्यावर घेतलं म्हणून. तो छताकडे बघत होता.

"त्या स्टुडिओच्या बाईंना एक निरोप दे," तो मला म्हणाला. "माझा सीन काढून टाका म्हणावं."

"काय बोलता भाऊजी!" बायको म्हणाली. "लोक किती हसले."

"म्हातारा धडपडला म्हणून हसले. पिक्चरमधल्याला कोण हसलं? मी बघत होतो ना." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "त्यात काही नव्हतंच बहुतेक. इतकी वर्षं लोक भिडेनं हसत होते. एकानं म्हटलं विनोदी, की सगळे म्हणतात. मला उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. आणि मी बसलो वर, वेड्यासारखा."

ताईनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. ती म्हणाली, "परवापासून हेच चाललंय. रात्रभर झोपत नाहीत. पायाचं काही नाही, हेच."

बायकोनं चहा ओतला आणि कप त्याच्या हातात दिला. त्यानं तो तसाच धरून ठेवला. चौतीस वर्षं मला हेच हवं होतं. तो झाडावरून खाली यावा, आणि बायकोनं ते डोळ्यांनी बघावं. आता दोन्ही झालं होतं. गप्प बसलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. स्टुडिओत कागद नाही, साक्षीदार नाही, आणि आवाज तर एका फ्रेमनंही चुकलेला नाही.

"आवाज मी बिघडवला," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. म्हणून मी नीट सांगितलं. फ्रेम काय असते ते सांगितलं. पूर्वी आवाज मागे ठेवले होते, आता मुद्दाम बरोबर ठेवले. ती बाई विचारत असताना खोटं बोललो. तू टायला इस्त्री केलीस म्हणून, हेसुद्धा बायकोला सांगितलं, ते सांगताना माझं मलाच लाजिरवाणं वाटलं. ताईचे हात थांबले. "तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्या घरचे तुम्ही?"

बायको माझ्याकडे बघत होती. ओरडेल म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो. तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे तेव्हा मी जे हसले होते… ते तुम्ही केलं होतं?"

"अर्धं," मी म्हणालो.

हा प्रश्न तिनं विचारावा म्हणून मी चौतीस वर्षं वाट पाहिली होती. तो आला आणि मला मान वर करता येईना. तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि माझ्यापासून एक खुर्ची पलीकडे जाऊन बसली.

साडूनं कप बाजूला ठेवला. मला वाटलं, आता हा मला दाराबाहेर काढणार, आणि काढावंच. पायाचं विचारेल. असं का केलंस म्हणून विचारेल. त्यानं दोन्ही कोपरांवर जोर देऊन अंग थोडं वर उचललं, चेहरा वेदनेनं वाकडा झाला.

"थांब, थांब," तो म्हणाला. "म्हणजे मी बरोबर पडलो होतो?"

"अगदी बरोबर पडला होतास."

"लोक खरंच हसत होते?"

"खरंच हसत होते. अजून हसतील. उद्या जाऊन मी पुन्हा भरतो."

तो उशीवर पडला आणि हसायला लागला. टाके ओढले गेले तसा "आई गं" म्हणाला आणि आणखी हसला. मोडक्या खुब्याचा, दाढी वाढलेला, एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि असा आनंद माझ्या तोंडावर एकशे चाळीस चित्रपटांत एकदाही आला नसेल. त्यानं मला जे विचारायला हवं होतं ते सगळं तो विसरून गेला होता. मी समोर बसून त्याच्याकडे बघत राहिलो, आणि देवाशपथ सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.